ऊस कुणाच्या रानातून निघतो

चौदा गटांच्या चौदा पट्ट्या पडद्यावर उभ्या होत्या, आणि त्यातली सातव्या गटाची पट्टी बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेली होती. शेतकी अधिकारी विजयसिंह निंबाळकरांनी तिला लाल रंग दिला होता. सारजाने आलेख पाठवला तेव्हा सगळ्या पट्ट्या करड्याच होत्या.

"अडतीस टक्के," विजयसिंह म्हणाले. "म्हणजे सात नंबरच्या गटात शंभरातल्या अडतीस तोडी नोंदीच्या क्रमाने झालेल्याच नाहीत. कुणाची आधी, कुणाची मागे. एक-दोन नाही, नऊ हंगाम ही मनमानी चालली. आणि आकडे आमचे नाहीत बरं का. खोमणे मॅडमनी काढलेत. त्या बाहेरच्या आहेत, पीएच.डी. करतात."

सगळ्यांनी वळून सारजाकडे पाहिलं. तिने वहीत डोकं घातलं.

कारखान्याचा नियम तसा साधा. ऊस लावला की शेतकरी लागवडीची तारीख नोंदवतो, आणि हंगाम सुरू झाला की त्या तारखेच्या क्रमाने ऊसतोड करणाऱ्यांची टोळी एकेकाच्या रानात येते. कुणाच्या रानात कधी जायचं, याची चिठ्ठी टोळीला देणारा माणूस म्हणजे चिटबॉय. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून कारखान्याचे असे चौदा गट होते, आणि चौदा चिटबॉय. सात नंबरचा गट इंदापूरच्या बाजूचा. तिथे बावीस वर्षं चिठ्ठ्या फाडल्या त्या संभाजी खोमण्यांनी. सत्तावन्नाव्या वर्षी, श्रावणात, हृदयविकाराने गेले तेव्हाही त्यांचा हुद्दा बॉयच होता. सारजा त्यांची एकुलती एक मुलगी.

ती बारामतीच्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात शिकवायची. अ‍ॅप आलं की सहकारी कारखान्याची काम करण्याची रीत कशी बदलते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. कारखाना निवडला तेव्हा वडील, तिचे आण्णा, हयात होते. "आमच्या कारखान्यात काय ठेवलंय अभ्यास करन्यासारखं?" म्हणून हसले होते. ते गेल्यावर पुढच्या महिन्यात तिने नऊ हंगामांच्या चिठ्ठ्या संगणकावर घेतल्या, नोंदीचा क्रम आणि तोडीचा क्रम शेजारी शेजारी मांडला आणि फरक मोजला. सात नंबरचा आकडा आला तेव्हा तिने तो तीनदा पुन्हा काढला. तिन्ही वेळा तोच आला. मग बाकीच्या तेरा आकड्यांबरोबर तिने तोही पाठवून दिला. न पाठवता आला असता. पण मग ते तेराही पाठवायचा अधिकार तिला उरला नसता.

बैठक संपल्यावर विजयसिंह चहाचा कप घेऊन तिच्यापाशी आले. "मॅडम, ते संभाजीराव तुमचे वडील? मला आत्ता कुणीतरी सांगितलं. आधी बोलायचंत."

"बोलले असते तर पट्टी लहान झाली असती का?"

ते ओशाळले. माणूस वाईट नव्हता. नवीन होता आणि घाईत होता. "जानेवारीत इंदापूरला सभासदांचा मेळावा आहे. तिथे हे दाखवायचं ठरलंय. अ‍ॅप कशासाठी आणलं ते लोकांना कळायला हवं. या हंगामात सगळं काटेकोर तारखेने, चिठ्ठी अ‍ॅपच काढणार. चिटबॉयच्या हातात काही नाही."

"मेळाव्यापर्यंत मला वेळ द्या. हे अडतीस टक्के कशाने झाले ते मी शोधते."

"शोधा की. पण जे निघेल ते मांडायला लागेल. वशिला निघाला तर वशिला."

"जे निघेल ते," सारजा म्हणाली.

कोऱ्हाळ्याला घरी पोचली तर फोटो तिच्या आधी पोचला होता. कुणीतरी पडद्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. आई, झुंबर, ओसरीवर मोबाईल हातात धरून बसली होती. चष्मा लावलेला नव्हता. लाल रंग बघायला चष्मा लागत नाही.

"तूच काढलंस व्हय ह्ये?"

"होय."

"नाव न्हाय घातलं तेवढं बरं केलंस."

"आई, कुणाचंच नाव नाही त्यात. गटांचे नंबर आहेत."

"सात नंबर म्हनल्यावर आनि नाव कशाला पायजे? बावीस वर्सं त्यो मानूस सकाळी सहाला फटफटीला किक मारत हुता ती सात नंबरसाठीच." झुंबरने मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, "तुला काय वाटतं? केला आसंल का त्यांनी वशिला?"

सारजाने पायातल्या चपला काढल्या, पुन्हा घातल्या. हाच प्रश्न ती स्वतःला महिनाभर विचारत होती आणि उत्तराला घाबरत होती. "मला वाटून काय उपयोग? ते मोजून कळायला पाहिजे."

"मंग नीट मोज," झुंबर म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, हंगाम सुरू होऊन दहाच दिवस झाले होते, कॉलेजात तास सुरू व्हायच्या आधी तिचा फोन वाजला.

"सारजाताई, मी इब्राहिम बोलतोय. इब्राहिम शेख. लासुर्ण्याच्या अलीकडं हाय मी. तुमच्या मोबाईलनं माझा ट्रॅक्टर कोंडलाय."

"माझ्या मोबाईलनं?"

"तुमच्या म्हंजी कारखान्याच्या. पन आकडेवाल्या बाई तुमीच, म्हनून तुमाला लावला. या, बघून तरी जावा."

इब्राहिमचाचा वीस वर्षं सात नंबरच्या गटातला ऊस वाहत होते. आण्णांच्या मयतीला सगळ्यात आधी आलेल्या लोकांत ते होते. सारजाने तास सहकाऱ्याकडे सोपवला आणि गाडी काढली.

चाचा म्हणाले ते शब्दशः खरं होतं. चहूबाजूंनी दोन पुरुष उंच ऊस उभा, मधोमध दोन एकर साफ तोडलेलं रान, आणि त्या रानात भरलेल्या ट्रॉलीला जुंपलेला निळा ट्रॅक्टर. रिकामा होता तेव्हा पाण्याच्या चारीच्या बांधावरून कसाबसा आत आला होता. भरून त्याच बांधावर घातला असता तर ट्रॉलीसकट चारीत गेला असता. उरलेला तोडलेला ऊस तसाच पडून वाळत होता. टोळीतली माणसं कोयते बाजूला ठेवून भाकरी खात बसली होती. बांधावर रानाची मालकीण दगडाबाई, सत्तरीच्या पुढची, डोक्यावर हात ठेवून.

"आलीस व्हय?" ती म्हणाली. "तुज्या मोबाईलला माज्या रानाचं तोंड कुटं हाय त्येच ठाव न्हाय. पुढलं रान ह्या बिरूचं." तिने शेजारी उभ्या असलेल्या चाळिशीतल्या पुतण्याकडे हनुवटी केली. "त्येचा ऊस हुबा हाय. त्यो पडल्याबिगर माजा भाईर कसा निघंल?"

"मी वाट पाडून देतो म्हनलं हुतं," बिरू म्हणाला. "पन माझी तारीख पंचवीस जुलैची. चिठ्ठी याला आजून बारा दिस. बिनचिठ्ठीचा ऊस कारखाना काट्यावर घेत न्हाय. पाडून काय जनावरांना घालू?"

"आण्णा काय करायचे?" सारजाने विचारलं.

"आदी बिरूचा पाडायचा, मंग माजा. दर साली."

"पण आजी, तारीख तुमची आधीची. तुमचा नंबर मागे टाकला म्हणून तुम्ही कधी तक्रार केली नाही?"

दगडाबाईने टोळीकडे पाहिलं. "ही संभाची पोर बगा रं. लई शिकलीया म्हनत्यात." मग सारजाकडे वळून, "आगं, माजा ऊस काय उडत जातुय व्हय कारखान्याला?"

टोळी खो खो हसली. बिरू हसला. इब्राहिमचाचांनी तोंड फिरवून हसून घेतलं. सारजाही हसली, सगळ्यांच्या नंतर, आणि हसता हसता थांबली.

"चाचा, अशी रानं किती असतील गटात?"

"अशी म्हंजी? ताई, अशीच हायती. रस्त्याला तोंड आसलेलं रान धा-बारात एखादं." त्यांनी टोपी मागे सरकवली. "तुमच्या त्या आकड्यांत रस्ता हाय का कुठं?"

नव्हता. अ‍ॅपमध्ये जमिनीचा गट नंबर होता, क्षेत्र होतं, उसाची जात होती, तारीख होती. प्रत्येक रान जणू आभाळातून एकेकटं टांगलेलं होतं. पुण्याच्या कंपनीने तसं बनवलं होतं, आणि सारजाने तसंच मोजलं होतं.

तिने तिथूनच विजयसिंहांना फोन लावला. त्यांनी कुरकुरत बिरूच्या एका पट्ट्यापुरती खास चिठ्ठी दिली. टोळी उठली, तासाभरात वाट मोकळी झाली आणि निळा ट्रॅक्टर धूर सोडत रस्त्याला लागला. त्या दहा दिवसांत सात नंबरच्या गटात सगळ्या टोळ्यांचे मिळून असे अकरा दिवस नुसते बसून गेले होते.

पुढच्या रविवारी ती कोरे तक्ते घेऊन पुन्हा त्याच रानात आली. तिला एकच प्रश्न विचारायचा होता: तुमचा ऊस कुणाच्या रानातून निघतो? पहिल्या शेतकऱ्याने कान खाजवला. "निघतो कुठनं तरी." दुसरा म्हणाला, थोरल्या भावाला विचारा. थोरला भाऊ म्हणाला, धाकट्याला ठाऊक. तिसऱ्याने चहा पाजला आणि मुलीच्या कॉलेजातल्या प्रवेशाची गोष्ट काढली. दुपारपर्यंत तक्त्यावर एक ओळ भरली नव्हती.

"तुमी लिवताय म्हनून," बिरू म्हणाला. तो आणि दगडाबाई बांधावरच बसले होते. "मी काकीला वाट देतो ती तोंडी. सात-बाऱ्यावर ती वाट न्हाय, नकाशात न्हाय. उद्या तुमी कारखान्याच्या कागदावर लिवली, का हिची नातवंडं त्यो कागद घिऊन इंदापूरच्या तहसीलात हुबी. वाट आमच्या हक्काची म्हनून. मंग मी कुठं जाऊ?"

"माज्या नातवंडांना दुसरा धंदा न्हाय व्हय रं?" दगडाबाई कडाडली.

"काकी, नातवंडं तुजी गुनाचीच हायती. त्यांच्या बायका कुठनं येत्यात त्येच्यावर हाय सगळं."

दगडाबाईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण खोडून काही काढलं नाही.

सारजा उन्हात तशीच उभी राहिली. आण्णा गेल्यावर तिने घरातली दोन्ही कपाटं, त्यांच्या गाडीच्या डिकीतली पिशवी, माळ्यावरची ट्रंक उलथीपालथी करून पाहिली होती. कुठेतरी त्यांची टिपणं सापडतील, त्यात खुलासा असेल, म्हणून. एक चिटोरं सापडलं नव्हतं. तिला ते संशयास्पद वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली होती. आता कळलं. त्यांनी लिहिलं असतं तर गटातल्या पाच गावांतल्या एकाही बांधावर त्यांना कुणी खरं सांगितलं नसतं. बावीस वर्षं तीनशे रानांच्या वाटा तो माणूस डोक्यात घेऊन हिंडला.

"मग अ‍ॅपला सांगायचं कसं?" ती अर्धवट स्वतःशीच म्हणाली.

बिरूने मातीत काडीने एक रेघ ओढली, मग दुसरी. "वाट लिवूच नका. आदी बिरूचा, मंग दगडाबाईचा. येवढंच लिवा. का, ते इचारायचं न्हाय, लिवायचंबी न्हाय. आनि हंगाम संपला का पुसून टाकायचं. पुढच्या साली पुन्हा इचारायचं."

सारजाने त्या दोन रेघांकडे पाहिलं. प्लॅटफॉर्म, प्रक्रिया, नवकल्पना यांवर तिने चार वर्षं वाचलं होतं; दोनशेच्या वर शोधनिबंधांची यादी प्रबंधाच्या शेवटी जोडलेली होती. अ‍ॅपला जो एक रकाना कमी पडत होता तो या माणसाने काडीने मातीत काढून दाखवला.

"बिरूभाऊ, हे मी तुमच्या नावाने लिहिणार आहे. प्रबंधात."

"त्येवढं कारखान्याच्या कागदावर नगं म्हंजी झालं."

पुढचे पाच आठवडे तिने शनिवार-रविवार आणि साठवलेल्या सगळ्या रजा सात नंबरच्या गटात घातल्या. इब्राहिमचाचांच्या मोटारसायकलवर मागे बसून ती रानोमाळ हिंडली. कुणाचा आधी, कुणाचा मग, अशा दोन तृतीयांश जोड्या चाचांना तोंडपाठ होत्या. भरली ट्रॉली बाहेर काढायची तर ते ठाऊक असावंच लागतं. उरलेल्या खुरपणीला आलेल्या बायकांनी सांगितल्या. 'वाट' हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. "आधी कुणाचा?" एवढंच विचारायचं. लोक पटापट सांगायचे. तीनशे चाळीस रानं झाली.

मग एका सकाळी कॉलेजच्या संगणकावर तिने नऊ हंगामांची माहिती पुन्हा लावली. सात नंबरच्या गटात एकूण दोन हजार नऊशे चाळीस तोडी. त्यातल्या क्रम मोडलेल्या एक हजार एकशे सतरा. आता प्रत्येकीला नवा प्रश्न: या तोडीआधी जे रान मोकळं व्हायला हवं होतं, ते झालं होतं का? आण्णांनी जिथे तारीख मोडली होती, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी आधीचं रान आधी पडलं होतं. आकडा उतरत गेला आणि एकसष्टवर थांबला.

अडतीस टक्क्यांचे दोन झाले.

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. तिने डोळे पुसले, परत येऊन बसली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून काढलं. एकसष्टच.

पुण्याहून तिच्या मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या, "सारजा, अभिनंदन नंतर करते. तुझे वडील आहेत ते. बाहेरच्या माणसाला हे पटायचं तर दुसऱ्या कुणाच्या गटावर हेच करून बघ. सगळ्यात स्वच्छ दिसतोय तो घे."

सगळ्यात स्वच्छ होता चार नंबरचा, बारामतीच्या बाजूचा. नऊ टक्के. तिने तिथेही "आधी कुणाचा" विचारलं, जोड्या जमवल्या, आणि तक्ता बघून चक्रावली. तिथे एका मागे एक असलेल्या रानांची लागवड नेहमी पुढून मागे झालेली होती. रस्त्याकडचं रान पाच तारखेला, त्याच्या मागचं सहाला, त्याच्या मागचं सातला. नऊ वर्षांत जवळजवळ एकदाही उलट नाही. शेतकरी सवड मिळेल तसा, पाणी मिळेल तसा ऊस लावतो. अशी रांग लावून कुणी लावत नाही.

चार नंबरचे चिटबॉय सातवतात्या दोनच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. सारजाने तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बघितला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"सापडलो म्हना की. आगं पोरी, तारीख मी आदी पेन्सिलीनं घ्यायचो. शिवार फिरून यायचो, कुणाचं कुणाच्या मागं हाय बघायचो, आन मंग तशी शाईनं पक्की करायचो. वरचे सायब खूश, ऊस बी भाईर."

"मग आण्णांनी तसं का नाही केलं?"

"संभा? हट्टी. मी त्याला धा वेळा सांगितलं. म्हनायचा, तात्या, शेतकऱ्यानं सांगितली ती तारीख मी बदलनार न्हाय. आरं, मंग तुझा गट कागदावर वाकडा दिसंल! तर म्हनायचा, दिसू द्या." तात्या थांबले. "दिसला की. म्यां तुझा तो लाल फोटू बघितला. बरं वाटलं न्हाय."

सारजाने घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं नाही. मोजून पूर्ण व्हायचं होतं. विजयसिंहांकडे जाऊन तिने दोन आठवड्यांची परवानगी मागितली: सात नंबरच्या गटापुरता अ‍ॅपमध्ये एक रकाना वाढवायचा, 'आधी कुणाचा'. तारखेचा क्रम तोच, पण आधीचं रान मोकळं झाल्याशिवाय चिठ्ठी निघणार नाही, आणि नंतरच्या तारखेचं रान वाटेत असेल तर त्याची चिठ्ठी आधी. विजयसिंहांनी अकरा वाया गेलेल्या दिवसांकडे पाहिलं आणि कंपनीला फोन लावला. त्या पंधरवड्यात सात नंबरच्या टोळ्या एकच दिवस बसून राहिल्या, आणि तो इब्राहिमचाचांच्या ट्रॉलीचं टायर फुटलं म्हणून.

मेळावा इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात होता. आठशे खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे भिंतीला लोक उभे होते. बायकांच्या रांगेत झुंबर बसली होती. आण्णांचा शेअर वारसाने तिच्या नावावर झाला होता, त्यामुळे निमंत्रण तिला आलं होतं. तिनेही तसंच सांगितलं, "मला बोलवनं हाय म्हनून आले," आणि सारजापासून लांबची खुर्ची धरली.

पडद्यावर ती लाल पट्टी आली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. विजयसिंह माईकवर आले.

"ऑक्टोबरच्या बैठकीत या पट्टीला मी मनमानी म्हणालो होतो. आज खोमणे मॅडम तुम्हाला पुढचं दाखवतील. पण त्याआधी तो शब्द मी परत घेतो. इतिवृत्तात लिहून घ्या."

सारजाने पुढचं चित्र लावलं. सात नंबरची पट्टी खाली बसली, चौदांमध्ये सगळ्यात खाली. तिने कारण सांगितलं, साध्या शब्दांत, पाच मिनिटांत. चार नंबरचंही सांगितलं: "त्यांनीही हेच काम केलं. एकाने तारीख वळवली आणि क्रम सरळ ठेवला. दुसऱ्याने तारीख सरळ ठेवली आणि क्रम वळवला. ऊस दोघांचाही बाहेर निघाला. पण अ‍ॅपला शिकायचं असेल तर खऱ्या तारखा लागतात, आणि त्या सात नंबरच्या गटात मिळाल्या."

"बराब्बर!" मागून सातवतात्यांचा आवाज आला. "चार नंबर मीच. लिवा माझंबी नाव!"

हशा पिकला. अध्यक्ष आप्पासाहेब माईककडे झुकले. "निंबाळकर, हा रकाना पुढच्या सोमवारपासून चौदाही गटांत चालू करा. आणि अहवालात ही दुसरी पट्टी छापा. पहिली नको."

"दोन्ही छापा, साहेब," सारजा म्हणाली. "पहिली नसेल तर दुसरी कशी झाली ते कळणार नाही."

आप्पासाहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "दोन्ही छापा."

टाळ्या वाजल्या. इथे थांबता आलं असतं. सारजाने शेवटचं पान लावलं.

"एकसष्ट तोडींचं कारण मला सापडलेलं नाही. रान, तारीख, किती दिवस आधी-मागे झालं, सगळं नंबरवार ओळींत पडद्यावर आहे. यांचा रस्त्याशी काही संबंध नाही. जे मला कळलं नाही ते मी कळलं नाही असंच लिहिणार आहे."

सभागृह वाचू लागलं. आधी खिशांतून चष्मे निघाले. मग पाचव्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सोळा नंबर माझा! विहीर ढासळली हुती. संभानं ऊस लवकर नेला, जागा मोकळी करून दिली."

"चौतीस!" एक बाई उभी राहिली. "माझ्या लेकीचं लगीन हुतं. मांडव घालायला ती येकच जागा."

"बेचाळीसला वीज पडली हुती, ताई. आर्धा जळाला. जळका ऊस आदी न्यावाच लागतो."

"आठ आमचा!"

"एकेकाने," सारजा म्हणाली, "हात वर करून, एकेकाने!" पण कोण ऐकतंय. इब्राहिमचाचा खुर्चीवर उभे राहून नंबर पुकारू लागले, बिरू माईक घेऊन रांगांतून पळू लागला. दगडाबाई कुणाच्याही नंबरावर "खरं हाय, खरं हाय" म्हणत होती. सारजा लिहीत होती. लग्न, विहीर, आग, बाळंतपण, जनावरांना चारा नव्हता, बोअर मारायचा होता. हात दुखायला लागला. बावीस वर्षं चिठ्ठ्या फाडलेला एक माणूस एकेका ओळीने तिच्यासमोर उभा राहत होता, आणि त्याला तिने पुरता ओळखलेला नव्हता.

गोंगाट जरा ओसरला तेव्हा मधल्या रांगेतून एक थोराड म्हातारा उठला. देवकाते नाना. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"सत्तावन नंबर माझा. वहिनी हितं बसल्यात, पन खरं ते सांगतो. एकोनीस सालची गोष्ट. माझं रान डांबरीला लागून हाय, वाटंचा काय संबंध न्हाय. मी संभाला चौकात आईवरनं बोललो हुतो. त्यो राग त्यानं काढला. सतरा दिस माझा ऊस मागं ठेवला. वशिला न्हवता, पन ह्ये केलं त्यानं."

विजयसिंहांनी सारजाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ती पेन धरून उभी होती.

बायकांच्या रांगेत झुंबर उठली. तिला कुणी माईक दिला नाही, आणि तिला लागलाही नाही.

"सतरा न्हाय, एकोनीस दिस. मला घरी यिऊन सांगितलं हुतं त्यांनी. जेवले न्हवते त्या राती. चुकलं म्हनले." तिने पदर खांद्यावर सारखा केला. "पन नाना, तुमीबी माफी मागितली न्हवती."

आधी दगडाबाई हसली, मग तिची रांग, मग आठशे माणसं. नाना लालेलाल झाले, आणि मग तेही हसले. "मागतो की, वहिनी. आता मागतो."

सारजाने पडद्यावरची सत्तावन्नावी ओळ पाहिली. एकोणीस दिवस. आईचा आकडा बरोबर होता. तिने कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: राग. मग मान वर केली.

"पुढचा," ती म्हणाली.